व्हिएन्ना–साल्झबर्ग–प्राग: कॉलेज कॉयरच्या कॉन्सर्ट टूरचं पॅकेज आतून कसं असतं

कंपनी कोणतीही असो, कॉलेजच्या कॉयरला, म्हणजे समूहगान करणाऱ्या वृंदाला, मध्य युरोपात नेणाऱ्या टूरचा आराखडा जवळजवळ एकच असतो. नऊ रात्री, दहा दिवस. व्हिएन्नात तीन, साल्झबर्गला तीन, प्रागला तीन. तीन ‘परफॉर्मन्स’, एक बस, रोजची न्याहारी, रात्रीचं जेवण चार-पाच वेळा. हा साचा मुळात अमेरिकी कॉलेजांच्या अंगच्या मापाचा आहे. मिनेसोटातल्या सेंट ओलाफ कॉलेजचा कॉयर १९१२ साली उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी नॉर्वेला गाऊन आला. हार्वर्डचा ग्ली क्लब, म्हणजे तिथला कॉयर, १९२१ मध्ये युरोपात गेला. शंभर वर्षांत त्या प्रथेचा व्यवसाय झाला आणि आता मुंबई, पुणे, गोव्याच्या कॉलेजांनी चौकशी केली तरी तेच कापड पुढे येतं. ते आपल्याला कुठे घट्ट होतं आणि कुठे ढगळ, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी मूळ दोष सांगून टाकू. पत्रकात विकली जाते ती जागा. श्रोते त्यात नसतात. चर्चचं नाव ठळक अक्षरात असतं, पण बाकांवर कोण बसणार याबद्दल ‘स्थानिक प्रसिद्धीसह’ एवढे दोन शब्द. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा चर्चच्या दारावर एक पोस्टर आणि परगण्याच्या (पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चखालच्या वस्तीच्या) पत्रिकेत एक ओळ इतकाच निघतो. वर्षभर तालीम करून गेलेल्या चाळीस मुलांसमोर बाराशे जणांच्या चर्चमध्ये पंचवीस माणसं, त्यातली दहा पाय मोकळे करायला आत शिरलेली, हा या टूरमधला नेहमीचा अपघात आहे. म्हणून पॅकेज चांगलं की वाईट ते हॉटेलच्या ताऱ्यांवरून ठरवू नये. ऐकायला कोण येणार, हे विचारावं.

‘परफॉर्मन्स’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू असतात आणि तिन्हींची किंमत वेगळी असायला हवी. पहिली, संध्याकाळी साडेसातची स्वतंत्र मैफल, तासभराची. दुसरी, मिस्सात, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीत, गाणं. तिसरी, भर दुपारी पर्यटकांची ये-जा चालू असताना वेदीच्या पायऱ्यांवर उभं राहून वीस मिनिटं गायचं. तिसऱ्या प्रकाराला पत्रकात ‘कॅथीड्रल रिसायटल’ म्हणतात. फोटो उत्तम येतात, बाकी फारसं काही नाही. या तिघांत मिस्सा सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची: लोक आलेलेच असतात, ते गाण्याला सरावलेले असतात आणि मिस्सा संपल्यावर धर्मगुरूंनी परवानगी दिली तर आणखी पंधरा मिनिटं गाता येतं. वसईच्या कॅथलिक गावांत वाढलेल्या मुलांना त्यातलं काय कधी येतं ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी क्रम आधी लिहून द्यावा: प्रवेशाला, अर्पणाच्या वेळी, कम्युनियनच्या (प्रसादाची भाकर वाटण्याच्या) वेळी आणि शेवटी अशा चार जागा पाहुण्या कॉयरला सहसा मिळतात. ग्लोरिया, सांक्तुस वगैरे मिस्सातली ठरलेली स्तोत्रं कोण गाणार हे चर्चच्या ऑर्गनवादकाशी महिनाभर आधी ठरवायचं. अर्पणाचं गाणं तीन मिनिटांचं हवं. सहा मिनिटांचं नेलं तर धर्मगुरू वेदीपाशी हात जोडून ताटकळत उभे राहतात.

स्वतंत्र मैफल घ्यायचीच असेल तर ती एकट्याने घेऊ नका. तिथल्या एखाद्या परगण्याच्या किंवा विद्यापीठाच्या कॉयरबरोबर अर्धी-अर्धी घ्या. त्यांचे चाळीस गायक म्हणजे त्यांचे आईबाप, शेजारी, मित्र. शंभर खुर्च्या आपोआप भरतात. शेवटी दोघांनी मिळून एक रचना गायची. त्यासाठी ऑस्ट्रियन रचनाकार ब्रुकनरचं ‘लोकुस इस्ते’ हे तीनेक मिनिटांचं काम अगदी बेतशीर आहे: ऑस्ट्रियातल्या जवळजवळ प्रत्येक कॉयरला ते येतं आणि १८६९ साली ते लिंट्सच्या कॅथीड्रलच्या प्रार्थनाकक्षासाठीच लिहिलेलं होतं. संयुक्त मैफलीसाठी कंपनी वेगळे पैसे मागत असेल तर द्यावेत. सगळ्या बिलात हेच पैसे सत्कारणी लागतात.

मात्र असं यजमान कॉयर मिळणं तारखांवर अवलंबून आहे, आणि तिथे आपल्या सुट्ट्या कामाला येतात. चेक शाळा जूनअखेरीस बंद होतात, व्हिएन्नाच्या त्याच सुमारास. त्यांच्याबरोबर हौशी कॉयरही सप्टेंबरपर्यंत गप्प होतात. जुलैची टूर स्वस्त दिसते ती म्हणूनच. मेचा उत्तरार्ध ते जूनचा पहिला आठवडा हा काळ धरा. तेव्हा अमेरिकी कॉलेजंही नुकतीच सुटलेली असतात, म्हणून चांगल्या जागा वर्षभर आधी जातात. १२ मे रोजी, चेक रचनाकार स्मेतानाच्या स्मृतिदिनी, प्राग स्प्रिंग महोत्सव सुरू होतो आणि शहरातली बरीच सभागृहं व्यापून टाकतो. मेमधल्या शनिवारी लग्नं आणि रविवारी सकाळी पहिल्या कम्युनियनचे समारंभ असतात. तेव्हा मैफलीसाठी मंगळवार ते गुरुवार बरे. एक गोष्ट पत्रकात क्वचितच दिसते: मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला ऑस्ट्रियात ‘लांगे नाख्त देअर किर्खेन’ म्हणजे चर्चची लांब रात्र असते, चेकियातही तिची बहीण आहे. शेकडो चर्च रात्री उशिरापर्यंत उघडी, प्रवेश फुकट, लोक या चर्चमधून त्या चर्चमध्ये फिरत असतात. त्या रात्री व्हिएन्नात असाल तर अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम मागून घ्या. श्रोते स्वतः चालत येतात.

आता जागांच्या नावातले खड्डे. ‘प्रागचं सेंट निकोलस’ असं लिहिलं असेल तर कोणतं, ते विचारा. जुन्या शहराच्या चौकातलं एक आणि नदीपलीकडे माला स्त्रानामधलं दुसरं. दोन्ही बरोक (त्या काळच्या नक्षीदार, भव्य शैलीतली), दोन्हींवर वास्तुकार किलिआन इग्नात्स डीन्त्सेनहोफरचा हात. मोझार्टने १७८७ मध्ये ज्याचा ऑर्गन वाजवला आणि १४ डिसेंबर १७९१ रोजी जिथे त्याच्यासाठी श्राद्धमिस्सा झाली ते माला स्त्रानाचं. चौकातलं आज हुसाइट चर्चकडे, म्हणजे कॅथलिकांहून वेगळ्या चेक पंथाकडे, आहे, तिथे पर्यटकांसाठी तिकिटाच्या मैफली वरचेवर चालतात आणि पाहुण्या कॉयरला त्यांच्या वेळा सांभाळून घ्याव्या लागतात. दोन्ही जागा सुंदरच आहेत, पण मोझार्टच्या नावाने पैसे मोजून भलत्याच निकोलसमध्ये उभं राहणं बरं नाही. तसंच व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचं. १८७० च्या त्या इमारतीतलं ‘सोनेरी सभागृह’ जगाला माहीत आहे. त्याच इमारतीत ब्राम्स सभागृह आहे आणि २००४ साली तळघरात उघडलेली काच, धातू, दगड, लाकूड अशा नावांची चार लहान सभागृहंही आहेत. पत्रकात नुसतं ‘म्युझिकफेराइनमध्ये सादरीकरण’ असेल तर सभागृहाचं नाव करारात लिहून घ्या. चाळीस गळ्यांना काचेचं सभागृह खरं तर जास्त सोयीचं आहे, फक्त भाव सोनेरी नसावा.

तालमीचा वेळ हा पॅकेजातला सगळ्यात कंजूष भाग. ‘साउंडचेक ४५ मिनिटं’ असं असतं, त्यातली पंधरा उभं राहण्याची जागा ठरवण्यात जातात, कारण चर्चमध्ये रायझर (गायकांना उभं राहायचे पायऱ्यांचे मंच) नसतात आणि वेदीच्या पायऱ्या दोन नाहीतर तीन. नव्वद मिनिटं मागा. पहिली वीस अशी वापरा: सगळ्यांनी मध्यम आवाजात एक जोडस्वर धरायचा, हाताच्या खुणेवर तोडायचा आणि घुमारा विरेपर्यंत सेकंद मोजायचे. दगडी बरोक चर्च रिकामं असताना पाच-सहा सेकंद सहज घुमतं. दर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे पाच सेकंदांत मागच्या दहा मात्रा हवेत तशाच तरंगत असतात. कॉलेजच्या हॉलमध्ये टाळ्या घेणारी जलद रचना इथे गढूळ होते ती गायकांच्या चुकीने नव्हे. उपाय लय थोडी उतरवणे हा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्यंजनं लवकर आणि हलकी टाकणे, स्वर थोडा आधी सोडणे, आणि ओळ संपल्यावर घुमारा उतरेपर्यंत पुढची ओळ न उचलणे. संचालकाने एकदा शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन ऐकावं. पुढे जे ‘कमी’ वाटतं ते मागे पुरेसं असतं. संध्याकाळी बाकं भरली की वरच्या पट्टीचा चमकदारपणा अंगावरचे कपडे शोषून घेतात, त्यामुळे दुपारच्या मापाने सोप्रानोंना (सगळ्यात उंच स्त्री-आवाजांना) दाबून ठेवू नये.

सूर खाली बसणे हा दुसरा हमखास प्रकार. घुमाऱ्यात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मुलं शेजाऱ्याला धरून गातात आणि आठ मिनिटांत सगळा वृंद अर्धा स्वर खाली. बास (सगळ्यात खालचे पुरुष-आवाज) आणि सोप्रानो एकमेकांच्या जवळ उभे केले तर हे बरंच आटोक्यात येतं. दोन गायकांत हातभर अंतर ठेवलं तर आणखी.

ऑर्गन साथीला घ्यायचा असेल तर आधी त्याची पट्टी विचारा. व्हिएन्नाचे वाद्यवृंद ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४३ कंपनांच्या आसपास लावतात, जुने ऑर्गन कुठेही असू शकतात, आणि तापमानाबरोबर नळ्यांची पट्टी चढते: अंशागणिक साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). १८ अंशांना लावलेला ऑर्गन उन्हाळ्यातल्या २६ अंशांत चांगला २४ सेंट वर जातो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराचा चौथा हिस्सा. ४४० वर लावलेली पुण्याहून नेलेली हार्मोनियम त्याच्या शेजारी वाजवणं म्हणजे भांडण लावून देणं. एक तर ऑर्गन, नाहीतर हार्मोनियम. शिवाय ऑर्गन बहुधा मागच्या सज्जात असतो आणि वृंद पुढे, वेदीशी. मध्ये ४० मीटर अंतर असेल तर आवाजाला पोचायला सेकंदाचा आठवा-नववा भाग लागतो. वादकाने आरशात हात पाहून वाजवायचं, ऐकून नव्हे. आणि गायकांनीही हात पाहायचा. शक्य असेल तर वृंदालाच सज्जात चढवा, मिस्साला तर तीच रीत आहे.

आपल्याकडचं काय न्यावं, याबाबत कंपन्यांचा सल्ला एकच असतो: ‘काहीतरी रंगीत, तालाचं’. त्याकडे दुर्लक्ष करा. दगडी चर्चमध्ये द्रुत तबल्याचे बोल चिखल होतात, टाळ-झांजा तर शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या किणकिणत राहतात. चालतं ते संथ आणि मोकळं: विलंबित सुरुवातीचा अभंग, तानपुऱ्यावर धरलेला आलाप (अशा वास्तूत षड्ज भिंतीच धरून ठेवतात, तानपुरा अगदी मंद पुरे), ठेका हवाच तर अंतर राखून वाजवलेला. गोव्याचा मांडो तर इथे घरी आल्यासारखा वाटतो. सहा मात्रांची संथ चाल, दोन आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने बरोबर चाललेले, चर्चच्या संगीतातूनच वाढलेला प्रकार. मुंबईच्या परंज्योती अकादमी कोरसने, १९५६ साली व्हिक्टर परंज्योतींनी उभारलेल्या आणि पुढे कूमी वाडियांनी दशकानुदशकं चालवलेल्या त्या वृंदाने, पाश्चात्त्य रचनांच्या बरोबरीने भारतीय गाण्यांची चार आवाजांतली रूपं गायली. तासाभरात अर्धं-अर्धं ठेवण्याचं ते धोरण आजही उत्तम. फक्त मराठी-कोंकणी गाण्यांचा दोन ओळींचा अर्थ जर्मन आणि चेक भाषेत छापून न्या. हे भाषांतर पॅकेजात धरलेलं नसतं, आणि ऐन वेळी फोनवरून केलेलं भाषांतर लोक हसण्यासाठी जपून ठेवतात.

वाद्यांच्या सामानाबद्दल तीन ओळी. तबल्याची हातोडी केबिन बॅगेत चालत नाही, ती चेक-इन सामानात. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच. आपली जाड गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, दोन ॲडाप्टर जास्तीचे ठेवा.

पॅकेजातला खरा सूत्रधार बसचालक असतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. युरोपीय नियमांनुसार चालकाने साडेचार तास चालवल्यावर एकूण ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला चालवणं ९ तास (आठवड्यातून दोनदा १०), आणि रोजची विश्रांती सलग ११ तास, जी साप्ताहिक सुट्ट्यांच्या दरम्यान तीनदाच ९ वर आणता येते. आता पत्रकातला सातवा दिवस पाहा: सकाळी ८ ला साल्झबर्ग सोडा, वाटेत चेस्की क्रुमलोव्ह पाहा, संध्याकाळी प्रागला मैफल. चालवणं पाच-सहा तासांचंच, पण चालकाचा दिवस आठला सुरू झाला की ११ तासांच्या विश्रांतीसाठी तो रात्री नऊला संपायला हवा. साडेसातची मैफल, मग कपडे बदलणं, हॉटेल, साडेदहा होतातच. एक सवलत खर्ची पडली. अशा चार संध्याकाळी आखल्या असतील तर चौथ्या रात्री बस येणार नाही, किंवा दुसरा चालक लागेल आणि त्याचं बिल तुमच्या नावावर. सहा दिवसांनंतर चालकाला साप्ताहिक विश्रांतीही लागते. आंतरराष्ट्रीय सहलीत काही अटींवर ती बारा दिवसांपर्यंत लांबवता येते. पत्रकातला ‘साल्झबर्गमध्ये मोकळा दिवस, स्वतःच्या आवडीने फिरा’ हा बऱ्याचदा तुमच्यासाठी नसून चालकासाठी असतो. वाईट काही नाही, गळ्यांनाही तो लागतोच, फक्त त्या दिवशी मैफल ठेवू नका. साल्झबर्गमध्ये बसला उतरवण्या-चढवण्याच्या टर्मिनलवर वेळ आधी राखून ठेवावी लागते. ती कंपनीने घेतली आहे का ते विचारा, नाहीतर पोशाखांच्या पिशव्या घेऊन लांबून चालत यावं लागतं.

जेवण. मैफल नऊला संपते, आणि साडेनऊच्या सुमारास बरीचशी स्वयंपाकघरं बंद होतात. संध्याकाळी पाचला हलकं जेवण आणि मैफलीनंतर डब्यात बांधून दिलेलं काही, असं लिहून घ्या. ‘शाकाहारी’ म्हटलं की प्रागला तळलेलं चीज आणि ऑस्ट्रियात चीजमधले पिठाचे गोळे ताटात येतात. दोन्ही चवीला छान, पण गाण्याआधी घशाला जड. जैन जेवण हवं असेल तर ते हॉटेलच्या नव्हे, त्या शहरातल्या भारतीय खाणावळीच्या नावाने ठरवा.

व्हिसासाठी वरच्या साच्यात ऑस्ट्रिया सहा रात्री आणि चेकिया तीन, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. मुख्य मुक्काम जिथे जास्त, तिथे. फी प्रौढांना ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आतला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला १५ दिवस धरतात, ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. गंमत अशी की कित्येक कंपन्या प्रवासाचं कारण ‘पर्यटन’ भरून मोकळ्या होतात, आणि त्याच वेळी कॉलेजच्या नावाची मैफलीची पोस्टरं इंटरनेटवर फिरत असतात. फॉर्मवर ‘सांस्कृतिक’ असा वेगळा पर्याय आहे. चर्चचं किंवा यजमान कॉयरचं आमंत्रणपत्र, मानधन नाही असा त्यात उल्लेख, आणि प्रवेश विनामूल्य, या तीन गोष्टी एकमेकींशी नीट जुळतात. दारात टोपली ठेवून देणगी घेण्याची तिथे रीतच आहे. ती टोपली कोणाची, एवढं आधी ठरवा.

पैशात दोन गोम आहेत. दर हा संख्येच्या टप्प्यावर असतो. समजा बस, जागा आणि मार्गदर्शक मिळून ठरीव खर्च १२,००० युरो आहे. ४५ जणांत तो डोई २६७ पडतो, ३८ जणांत ३१६. सात मुलं गळाली की उरलेल्यांना जवळपास ५० युरो जास्त. म्हणून गळतीची शेवटची तारीख आणि खालच्या टप्प्याचा दर पहिल्या हप्त्याआधी कागदावर घ्या. ‘वीसमागे एक फुकट’ हे संचालकाचं तिकीट मुलांच्याच दरात वाटलेलं असतं, याचाही विसर पडू नये. दुसरी गोम घरची: परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा प्राप्तिकर) कापला जातो आणि तो ज्याच्या पॅनवर जमा होतो त्यालाच विवरणपत्रात वळता करून मिळतो. संस्थेने एकगठ्ठा पैसे भरले तर पालकांना त्यातलं काही मिळत नाही. प्रत्येक पालकाच्या पॅनवर वेगळी पावती मागा.

कॉपीराइट असलेल्या रचना गायच्या असतील, म्हणजे रचनाकाराला जाऊन ७० वर्षं झाली नसतील, तर ऑस्ट्रियात एकेएम आणि चेकियात ओएसए या संस्थांकडे कार्यक्रमाची यादी आणि फी जाते. ती कोण भरणार तेही करारात यावं.

आमच्या हिशेबाने हा साचा पाचापैकी तीन गुणांचा आहे, आणि दोन बदलांनी चाराचा होतो. दुपारचं ‘कॅथीड्रल रिसायटल’ काढा आणि त्याच्या जागी परगण्याच्या लहानशा चर्चमध्ये शनिवार संध्याकाळची मिस्सा घ्या. साल्झबर्ग–प्राग दिवसाची मैफल दुसऱ्या संध्याकाळी ढकला. मग चालकाची सवलत वाचते आणि दिवसभर बसमध्ये वाळलेल्या गळ्यांना एक रात्र मिळते. कंपनी म्हणेल, कॅथीड्रलचं नाव पत्रकावर चांगलं दिसतं. त्यावर उत्तर म्हणून मागच्या वर्षीच्या टूरमधल्या दोन यजमान कॉयरांची नावं आणि पत्ते मागा, आणि पहिला हप्ता भरण्याआधी त्यांना स्वतः लिहा. विचारायचं एकच: त्या संध्याकाळी किती लोक आले होते?